रान राखायचा खर्च : एकर नको, बांध मोजा

अमेरिकेत हरणांसाठी पेरणी होते. शिकारीचा मोसम लागण्याआधी तिकडचे हौशी शिकारी रानाच्या कडेला अर्धा-एक एकर क्लोव्हर, सलगम नाहीतर ओट पेरतात. हिरव्यावर हरणं चरायला आली की मचाणावरून बंदूक चालवायची. बियाण्याच्या पिशव्यांवर शिंगाळ नराचं चित्र असतं आणि एकरी किती बी, किती खत, किती खर्च, याची पुस्तकं मिळतात. आपली नीलगायही तिथे पोचली आहे. टेक्सासातल्या किंग रँचवर १९३० च्या सुमारास ती नेऊन सोडली. आता तिची संख्या हजारोंत गेली आहे आणि तिच्या शिकारीसाठी लोक चांगले डॉलर मोजतात.

भडगाव तालुक्यात असा पेरा कुणाला मुद्दाम करावा लागत नाही. गिरणेच्या काठचा हरभरा, मका, भुईमूग आणि नवी लावलेली केळी हीच इथली मेजवानी आहे, आणि तिचा खर्च शेतकरी करतो. नदीकाठच्या वेड्या बाभळीत आणि उसात डुकरं दिवस काढतात. माळावरून हरणांचे कळप उतरतात, आणि नीलगायींचा कळप एकदा हरभऱ्याच्या घाट्यांना लागला की दोन रात्रींत तुकडा साफ होतो. म्हणून हा लेख हरणांना बोलवायच्या खर्चाचा नाही. त्यांना बांधाबाहेर ठेवायला किती पैसे लागतात आणि त्यातले कुठले वाया जातात, त्याचा हा हिशेब आहे.

पण मोबाइलवर ते परदेशी व्हिडिओ पाहून कुणाच्या डोक्यात काही आलं असेल, तर आधी त्याचा दर ऐकावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत जनावर मारण्याबरोबर फास लावणं, हाका घालणं आणि आमिष दाखवणंही येतं, आणि यातल्या कशाचा नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच. म्हणजे हरणं यावीत आणि मारता यावीत म्हणून घास पेरला, तर गोळी झाडायच्या आधीच गुन्हा उभा राहतो. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. नीलगाय आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतात. तिथे ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नीलगाय-डुकरांनी उभ्या पिकाचं नुकसान केलं, तर कलम ११ खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी मारण्याचा लेखी परवाना देऊ शकतो. हा रस्ता कागदावर स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात परवानाधारक बंदूकवाला शोधा, रात्री त्याला शेतावर आणा, गोळी चुकली तर पुन्हा आणा. मारलेलं जनावर सरकारजमा होतं, त्याचं मटण घरी नेता येत नाही. काळवीट-चिंकाऱ्याच्या बाबतीत पीक खाल्लं हे कारण कायद्याला चालतच नाही. मला विचाराल तर या वाटेवर वेळ घालवू नये.

खर्च एकराचा नसतो, फुटाचा असतो

कुंपणवाल्याला फोन केला की तो पहिल्यांदा विचारतो, 'किती एकर?' त्याला एकर सांगू नका. कुंपण क्षेत्राला लागत नाही, कडेला लागतं. हा फरक नीट कळला तर निम्मा लेख वाचून झाला म्हणा.

चौकोनी १ एकर रानाची एक बाजू सुमारे २०९ फूट, म्हणजे चारी बाजू मिळून ८३५ फूट. पण आपल्याकडे चौकोनी एकर उरलाय कुठे? वाटण्या होत होत रानाच्या पट्ट्या झाल्या. ३३ फुटी साखळीने दोन साखळ्या रुंद आणि वीस साखळ्या लांब, म्हणजे ६६ बाय ६६० फुटांची पट्टी, हीसुद्धा बरोबर ४० गुंठेच भरते. तिची कड मात्र १,४५२ फूट. सातबाऱ्यावर दोघांचंही क्षेत्र सारखं असलं तरी पट्टीवाल्याला पाऊणपट जास्त तार लागणार.

आता अशाच दहा पट्ट्या शेजारी शेजारी आहेत असं धरा. दहा भाऊबंदांनी आपापलं कुंपण केलं तर एकूण १४,५२० फूट होतं. दहाही जणांनी मिळून बाहेरून एकच वेढा घातला, तर ६६० बाय ६६० चा चौकोन पडतो आणि लागतात फक्त २,६४० फूट. माणशी २६४ फूट. एवढी बचत कुठल्याही अनुदानात मिळणार नाही. अडचण तारेची नसते, बोलाचाली बंद असलेल्या चुलतभावाची असते. कुंपणवाल्याआधी त्याच्याकडे जाऊन या.

दर काय पडतात

पुढचे आकडे ढोबळ अंदाजाचे आहेत. तारेचा भाव लोखंडाबरोबर वर-खाली होतो, खांबाचा भाव वाहतुकीवर ठरतो. म्हणून भडगाव, पाचोरा, चाळीसगाव अशा दोन-तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रक घ्या. त्यात तारेचा गेज, वजन आणि खांबाची उंची लिहून घ्या. 'एकराला अमुक' असं तोंडी बोलणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

काटेरी तार : १० फुटांवर एक सिमेंटचा खांब, ७ फुटी, साधारण ३०० रुपयांचा. चौकोनी एकराला कोपऱ्याच्या टेकूंसह नव्वदेक खांब, म्हणजे २७,०००. पाच ओळी तार म्हणजे ४,१७५ फूट. १२ गेजची तार किलोला नऊ-दहा मीटर बसते, तेव्हा १३० ते १४० किलो. ९० रुपये किलोने १२,००० च्या वर. खड्डे, बांधणीची तार, मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं धरून आणखी ९-१० हजार. एकूण ५०,००० च्या घरात, फुटाला साठेक रुपये. गाई-म्हशींना ती उत्तम. पण नीलगाय पाच फुटांवरून उडी घेते, आणि डुक्कर खालच्या तारेखालची माती उकरून आत येतं. खालच्या दोन तारा जमिनीपासून ६ आणि १२ इंचांवर ठेवल्या नाहीत, तर डुकरासाठी हे पैसे गेलेच समजा.

जाळी : ५ फुटी जाळी खांबांसह फुटाला १३० ते १५० रुपयांपर्यंत जाते, म्हणजे चौकोनी एकराला १ लाख १० हजार ते सव्वा लाख. जाळीचा तळ वीतभर मातीत गाडला तर डुकराला ती अडवते. हा खर्च फळबागेला, रोपवाटिकेला किंवा घराजवळच्या भाजीपाल्याला परवडतो. हरभऱ्याला कुणी जाळी लावत असेल, तर त्याच्याकडे पैसे जास्त झालेत.

सौर झटका : भडगाव परिसरातल्या बहुतेकांसाठी हिशेब इथे जुळतो. मशीन, १२ व्होल्टची बॅटरी आणि लहान सोलर पॅनेल मिळून १२ ते १५ हजार. ही रक्कम एकदाच लागते, रान एक एकर असो की दहा. पुढे फक्त ओळ वाढते : १२ फुटांवर बांबू, इन्सुलेटर, १४ गेजची जस्ताची तार, अर्थिंगचा दांडा. हे सगळं फुटाला १३ रुपयांच्या आसपास बसतं. आता वरच्या पट्ट्यांना हा दर लावून बघा. एका पट्टीवाल्याने एकट्याने केलं तर १,४५२ फुटांचे १९,००० आणि मशीनचे १५,०००, मिळून ३४,०००. दहा जणांनी मिळून केलं तर २,६४० फुटांचे ३४,००० आणि मशीनचे १५,०००, म्हणजे ४९,०००. माणशी ४,९००. तोच माल, तीच राखण.

झटका मशीन सेकंदा-दीड सेकंदाला एक क्षणभराचा ठोका देतं. व्होल्टेज हजारोंत असतं, पण ठोका इतका अल्प की जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. जागेवर चिकटूनही राहत नाही. त्याचं दुखणं एकच, गवत. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की ठोका जमिनीत उतरतो आणि तार मुकी होते. दर पंधरा दिवसांनी बांध साफ करायची मजुरी पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. बॅटरी तीन-एक वर्षांत बदलावी लागते. मशीन घेताना कंपनीचं नाव, गॅरंटी कार्ड आणि दुरुस्ती कुठे होते ते पाहा. बाजारात नाव नसलेले डबेही मिळतात, आणि ते पहिल्या वळवातच बंद पडतात.

सगळ्यात स्वस्त वाटणारी आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्टही इथेच सांगतो. शेतातल्या मोटारीच्या लाइनवरून, नाहीतर आकडा टाकून थेट तारेत करंट सोडायचा. हा झटका नव्हे, हा खून आहे. पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी, वाट चुकलेलं पोर, कधी स्वतः तार लावणारा, असे बळी दर हंगामात बातम्यांत असतात. गेला जीव परत येत नाही, त्यावर मनुष्यवधाचा खटला, वीजचोरीचा वेगळा गुन्हा, आणि काळवीट सापडलं तर वन विभागाचा तिसरा.

लहान खर्चाचे उपाय

जुन्या साड्या. बाजारात २० ते ४० रुपयांना एक मिळते, चौकोनी एकराला पन्नासेक लागतात. काठ्या-सुतळीसह दोन-अडीच हजारांत काम होतं. वाऱ्यावर हलणारा रंगीत पदर जनावराला काही दिवस बिचकवतो. मग ते सरावतं. हरभरा घाट्यांत असतानाचे तीन-चार आठवडे निघाले तरी पैसे वसूल झाले, पण पेरणीच्या दिवशीच साड्या बांधल्या तर घाटे भरेपर्यंत जनावराची भीती मोडलेली असते. बांधायची ती उशिरा.

करडईची कड. हरभऱ्याभोवती चार-सहा ओळी दाट करडई पेरायची ही जुनी रीत आहे आणि खर्च बियाण्यापुरता. करडई काट्यावर आली की हरणं आत तोंड घालत नाहीत. डुकराला ती काही वाटत नाही. पण काढणीला तेलबी हाती येते, म्हणजे हे एकच असं कुंपण, जे विकताही येतं. कायमच्या बांधाला सागरगोटा, चिलार, घायपात, निवडुंग लावले तर तीन-चार वर्षांत चांगली वई होते. रोपांचा खर्च नगण्य, पण पहिले दोन उन्हाळे पाणी आणि शेळ्यांपासून राखण लागते. वडिलांनी लावायला हवी होती, असं प्रत्येक जण म्हणतो. आज लावली तर मुलांना तरी तसं म्हणावं लागणार नाही.

जागल. घरचा माणूस माळ्यावर झोपतो म्हणून ती फुकट धरली जाते, आणि इथेच हिशेब चुकतो. बाहेरचा राखणदार रात्रीला ३०० ते ५०० रुपये घेतो. हरभऱ्याच्या शेवटच्या ६० रात्री धरल्या तरी १८ ते ३० हजार. घरच्या माणसाची रात्रही तेवढ्याच मोलाची, शिवाय साप-विंचवाची आणि दुसऱ्या दिवशी मोडणाऱ्या कामाची जोखीम वेगळी. सामूहिक झटक्याचे ४,९०० यापुढे ठेवून पाहा.

फोरेटच्या पुरचुंड्या बांधावर टांगायची पद्धत अजून दिसते. वासाने डुक्कर येत नाही म्हणतात. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. ते अत्यंत जहाल विष आहे, आणि पुरचुंडी पाण्यात पडली की गुरं जातात. कुणी चोरून विकत असेल तर घेऊ नका. पाइपमध्ये कार्बाइड भरून उडवायच्या बंदुका दीडशे-दोनशे रुपयांना मिळतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्यांनी कित्येक मुलांचे डोळे जायबंदी केले. दीडशे रुपयांत डोळा, हा सौदा कुणी करू नये.

कुठल्या पिकाला किती

हरभऱ्याचा २०२६-२७ च्या खरेदी हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,८७५ रुपये आहे. एकरी ७ क्विंटल धरले तर ४१,००० रुपयांचं उत्पन्न. चौथा हिस्सा जनावरांनी नेला तर नुकसान १०,००० च्या आसपास. त्यासाठी एका एकराला ५०,००० ची काटेरी तार लावली, तर ती फिटायला पाच हंगाम जातात, तेही डुक्कर खालून आलं नाही तर. मक्याचं गणित आणखी पातळ आहे : हमीभाव २,४०० (२०२५-२६), आणि बाजारात पुष्कळदा तोही मिळत नाही. या दोन्ही पिकांना भाऊबंदांचा मिळून झटका, तो जमला नाही तर करडई आणि साड्या.

केळीची गोष्ट वेगळी. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७४२ रोपं बसतात. उतिसंवर्धित रोप १५ ते २० रुपयांना, म्हणजे लागवडीच्या दिवशीच २६ ते ३५ हजार जमिनीत जातात, ठिबक आणि खत वेगळं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत डुकरं कोवळे कंद उकरतात आणि नीलगायी पोंगा खुडतात. कजगाव पट्ट्यातल्या केळीवाल्याने एकट्यानेही झटका लावला तर तो पहिल्याच वर्षी फिटतो. एक मात्र पाहा, तार लागवडीच्या आधी उभी हवी. एकदा चटावलेलं जनावर तार दिसली म्हणून वाट सोडत नाही.

'त्यांना खायला दोन गुंठे सोडले तर बाकीचं वाचेल' असा एक भाबडा विचार ऐकू येतो. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा अनुभव इथे उपयोगी पडतो : चारा पेरला की कळप तिथेच रेंगाळतो, म्हणून तर ते पेरतात. शेतात सोडलेले दोन गुंठे म्हणजे आमंत्रणच. हरणांसाठी चारा लावायचा तर तो शेतापासून दूर, वनजमिनीवर किंवा गायरानात, आणि वन विभागाच्या हातून. राज्यात ते होतं. कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून काळविटांसाठी राखलं आहे. येवल्याचं ममदापूर राखीव क्षेत्रही त्यांच्यासाठीच आहे. मेळघाटात आणि ताडोब्यात उठून गेलेल्या गावांच्या शेतजमिनींवर मारवेल, पवना अशी चांगली गवतं वाढवून कुरणं केली गेली. आपल्याकडे यावल आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं जवळ आहेत. ज्या गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे, तिथे वेडी बाभूळ काढून गवताचं कुरण करायचा ठराव ग्रामसभेने मांडावा. शेतकऱ्याच्या खिशातून यात काही जात नाही.

सरकारकडून काय मिळतं

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वैयक्तिक सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती मिळते. योजना सरसकट प्रत्येक गावाला नाही, अभयारण्यालगतच्या आणि वन्यप्राण्यांचा उपद्रव असलेल्या निवडलेल्या गावांना आहे. तुमचं गाव यादीत आहे का आणि यंदा निधी आला आहे का, हे दोन प्रश्न वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा. उत्तर मिळेपर्यंत माल घेऊ नका, कारण आधी घेतलेल्या मशीनचं बिल अनुदानात बसवणं कठीण जातं. मोबाइलवरच्या '९० टक्के अनुदान, लगेच अर्ज करा' वाल्या लिंकवर आधार क्रमांक टाकू नका.

पीक विम्याची १ रुपयाची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. वन्यप्राण्यांच्या नुकसानीचं संरक्षण २०२६ च्या खरिपापासून या विम्यात घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यात ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसह कळवावं लागतं. कुठले प्राणी आणि कुठले जिल्हे हे राज्य ठरवणार, म्हणून हप्ता भरण्याआधी तालुका कृषी कार्यालयात आपल्या पिकाची खात्री करा.

वन विभागाची नुकसानभरपाई विम्यापासून वेगळी आहे. काळवीट, हरीण, नीलगाय, रानडुक्कर या सगळ्यांनी केलेल्या नुकसानीला ती लागू होते, वनजमिनीवरच्या अतिक्रमणातल्या पिकाला नाही. रक्कम पूर्ण नुकसानीइतकी क्वचित असते आणि तिला कमाल मर्यादा आहे, तेव्हा तिच्या भरवशावर कुंपण टाळू नका. पण हक्क सोडूही नका. नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तक्रार गेली पाहिजे, चौथ्या दिवशी गेलेल्या अर्जाला काही किंमत नाही. सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती हंगामाच्या सुरुवातीलाच एका पिशवीत भरून ठेवा, तलाठी सापडत नाही म्हणून दोन दिवस जायला नकोत. फोटो काढताना खुरांचे ठसे, लेंड्या आणि बांधावरची खूण एकाच चौकटीत आली पाहिजे. पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक काढू नका, त्यात गुरं सोडू नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी गट नंबर आणि नुकसानीचं क्षेत्र वाचून घ्या. आणि तक्रारीची तारीख-शिक्क्यासह पोच हातात आल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.